रस्त्याच्या धुळीतलं शिसं: अहवालातल्या कोणत्या आकड्याकडे बघायचं?

प्रश्न पुण्यातून आला आहे. सातारा रस्त्याला लागून असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंच्या भाचीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी सोसायटीच्या गेटसमोरची धूळ गोळा करून एक्सआरएफ यंत्रावर (क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या) तपासून घेतली. एक किलो धुळीत किती मिलिग्रॅम, या हिशेबाने आकडे आले ते असे: शिसं १६०, तांबं २१०, जस्त ६२०, क्रोमियम १८५, निकेल ९०. खाली शेरा आहे, ‘तांबं, क्रोमियम, जस्त व शिसं यांचं लक्षणीय प्रदूषण’. ताईंचा मुलगा दीड वर्षाचा आहे, दिवसभर जमिनीवर खेळतो. त्यांनी विचारलंय: खिडक्या कायमच्या बंद ठेवायच्या का, बाळाला मास्क लावायचा का, की सरळ घरच बदलायचं?

ताई, घर बदलू नका. मास्कही नको, इतक्या लहान मुलाला मास्क लावणं धोक्याचं असतं. पण अहवाल कपाटात टाकूनही चालणार नाही. त्यातला शिशाचा आकडा खरोखर लक्ष देण्यासारखा आहे आणि भाचीच्या गणितात तो दिसतो त्यापेक्षा जास्त गंभीर आहे. तांबं आणि क्रोमियम यांच्यावरचा शेरा मात्र मला मान्य नाही. का, ते आधी सांगतो, कारण ही गल्लत महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रकल्पांत होते आणि त्यात लोक नको त्या गोष्टीला घाबरतात.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर बसला आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर. आपल्या रस्त्यांची खडी याच दगडाची, डांबरातली ग्रिट याचीच आणि बांधकामात नदीच्या वाळूऐवजी हल्ली सर्रास वापरतात ती क्रश सँडही याचीच. म्हणजे पुण्याच्या रस्त्यावर जी करडी धूळ साचते तिच्यात मोठा वाटा बारीक झालेल्या बेसाल्टचा असतो. प्रदूषण किती हे काढताना आपण धुळीतलं प्रमाण भागिले नैसर्गिक प्रमाण असं करतो. आता हे ‘नैसर्गिक’ कुठलं घ्यायचं? बहुतेक विद्यार्थी १९६१ साली टुरेकियन आणि वेडेपोल यांनी दिलेली शेल खडकाची (चिखल दबून बनलेल्या दगडाची) जागतिक सरासरी घेतात: तांबं ४५, क्रोमियम ९०, निकेल ६८, जस्त ९५, शिसं २०. तुमच्या भाचीनेही बहुधा हेच केलं असणार, कारण २१० भागिले ४५ केलं की साडेचार पटींच्या वर जातं आणि ‘लक्षणीय’ हा शेरा बसतो.

पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबं मुळातच शंभर ते दोनशेच्या घरात असतं, काही थरांत त्याच्याही वर. क्रोमियम आणि निकेल थराथराला बदलतात, तरी अहवालातले आकडे त्या पट्ट्यात सहज बसतात. शिवाय दगडातलं क्रोमियम पायरॉक्सीन आणि मॅग्नेटाइटसारख्या खनिजांच्या स्फटिकात अडकलेलं, त्रिसंयुजी रूपातलं असतं. ते पोटात गेलं तरी जवळजवळ तसंच बाहेर पडतं. विषारी म्हणतात ते षट्संयुजी क्रोमियम वेगळं, आणि एक्सआरएफ यंत्राला या दोघांतला फरक कळत नाही, ते फक्त एकूण मोजतं. तेव्हा तांब्याचा थोडा भाग ब्रेकमधून आला असेल, पण बराचसा दगडातूनच आलाय.

आता हाच न्याय शिशाला लावा. बेसाल्टमध्ये शिसं फार थोडं, साधारण एक आकडी. शेलच्या सरासरीने भागलं तर १६० म्हणजे आठ पट. आपल्या दगडाने भागलं तर वीस पटींच्या आसपास किंवा वर. योग्य पाया घेतला की तांबं जवळजवळ सुटतं आणि शिसं दुपटीहून जास्त अडकतं. मला या प्रकारच्या अहवालांची काळजी वाटते ती म्हणूनच. पाच धातूंची नावं एका ओळीत येतात, घरच्यांना सगळीच सारखी भयंकर वाटतात आणि ज्या एकाकडे बघायला हवं ते गर्दीत हरवतं.

जाता जाता दोन गोष्टी, इतर ठिकाणच्या वाचकांसाठी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लोहचुंबक धुळीवरून फिरवून ‘बघा, एवढे ब्रेकचे कण निघाले’ असं दाखवण्याची पद्धत आहे. युरोपात चुनखडीच्या किंवा वाळूच्या प्रदेशात ती ठीक आहे. आपल्याकडे बेसाल्टमध्येच टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट भरलेलं असतं, त्यामुळे कात्रजच्या टेकडीवरची, गाड्यांचा वारा न लागलेली मातीही चुंबकाला चिकटते. दुसरं, नागपूरच्या पश्चिम भागाखाली बेसाल्ट आणि पूर्वेकडे जुने ग्नाइससारखे खडक, म्हणजे एकाच शहरात पाया बदलतो. कोकणात आणि गोव्यात जांभा दगड लोह आणि क्रोमियमने भरलेला. तिथल्या लाल धुळीला पुण्याचे आकडे लावू नका.

जस्त ६२० आहे, ते मात्र माणसाचंच. टायरचं रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड घालतात, टायरच्या वजनाच्या एक-दोन टक्के. गॅल्वनाइज्ड कठडे आणि पत्र्यांतूनही जस्त सुटतं. बाळाला यापासून भीती नाही. त्याचा त्रास पहिल्या पावसात नाल्यातल्या जिवांना होतो, आणि तो विषय मोठा आहे, इथे सोडतो.

शिशाकडे येऊ. पेट्रोलमधलं शिसं देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० पासून. मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत त्याची सुरुवात १९९४-९५ मध्येच झाली होती. जगात शेवटचा देश अल्जिरिया, जुलै २०२१. मग आजच्या धुळीत शिसं कुठून येतं, असं हमखास विचारतात. पहिलं उत्तर हेच की ते गेलंच नाही. शिसं कुजत नाही, उडून जात नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत धुरातून खाली बसलेलं शिसं रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरमध्ये धरून राहिलेलं असतं. केबलसाठी, ड्रेनेजसाठी खोदकाम झालं की ती माती परत वर येते आणि चाकाखाली बारीक होते. सातारा रस्त्यासारखा जुना रहदारीचा रस्ता असेल तर हा साठा असणारच.

दुसरा उगम रंग. पिवळ्या पट्ट्यांच्या रंगात परंपरेने लेड क्रोमेट वापरतात. त्यात शिसं आहे आणि वर म्हटलेलं षट्संयुजी क्रोमियमही आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर भारतात २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची (म्हणजे किलोला ९० मिलिग्रॅमची) मर्यादा आली, नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू आहे. पण नियमाच्या नावातच ‘घरगुती व सजावटीचे’ आहे. रस्त्याचे पट्टे, लोखंडी पूल, कठडे, यंत्रं यांचे रंग त्यात येत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की ही पळवाट बुजवली पाहिजे. शिसं नसलेले पिवळे रंग बाजारात आहेत, आणि हा रंग आपण स्वतः, करदात्यांच्या पैशाने, लाखो चाकांखाली झिजायला अंथरतो.

हा उगम तुमच्याकडे आहे का, हे घरी बघता येतं. भाचीला सांगा, धुळीचा चिमूटभर नमुना पांढऱ्या कागदावर पसरून वीसपट दाखवणाऱ्या भिंगाखाली धर. करडे, धारदार कडांचे तुकडे दिसतील तो बेसाल्ट. दोन्ही टोकांना निमुळते, शेवयांच्या चुऱ्यासारखे काळे कण दिसतील ते टायरचे. सुईने दाबले तर फुटत नाहीत, दबतात. आणि अगदी गोल, पारदर्शक, चमकणारे मणी दिसले तर ते काचेचे. रात्री हेडलाइटमध्ये पट्टे चमकावेत म्हणून रंगात हे मणी मिसळतात. मण्यांच्या सोबत पिवळे कपचे दिसले की समजायचं, रस्त्याचा रंग धुळीत आहे. ते कपचे चिमट्याने वेचून वेगळे तपासले तर शिसं कुठलं हे बऱ्यापैकी उलगडतं.

बाकीचे उगम स्थानिक असतात. बॅटरीचं दुकान, रेडिएटर दुरुस्ती, वेल्डिंगवाला, भंगारवाला, जुन्या वाड्याचा रंग खरवडण्याचं काम. टायरवाल्याकडे बॅलन्सिंग करताना रिमला ठोकतात ती छोटी वजनं पुष्कळ वेळा शिशाची असतात. ती खड्ड्यात आदळून निखळतात आणि चाकाखाली सपाट होत होत धूळ बनतात. गेटपासून शंभर-दोनशे मीटरमध्ये यातलं काही आहे का, फिरून बघा. सिग्नल, गतिरोधक किंवा बसथांबा तुमच्या गेटसमोरच असेल तर ब्रेक आणि टायर तिथेच जास्त झिजतात, हेही आकड्यात धरा.

आता मुख्य मुद्दा, शिसं बाळाच्या अंगात जातं कसं. सगळ्यांचं लक्ष नाकाकडे असतं. हिशेब वेगळंच सांगतो. दीड वर्षाचं मूल दिवसाला साधारण आठ घनमीटर हवा घेतं. घरातल्या हवेत घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम धूळ धरली, जी कमी नाही, तरी दिवसभरात नाकातून ०.८ मिलिग्रॅम धूळ जाते. ती सगळी १६० पीपीएम शिशाची मानली तर शिसं झालं ०.१३ मायक्रोग्रॅम. तेच मूल जमिनीवर रांगतं, हात चोखतं, खेळणं तोंडात घालतं. जोखमीच्या गणितात लहान मुलांच्या पोटात जाणारी माती आणि धूळ दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम धरतात. आपण १०० घेऊ, आणि घरातल्या धुळीचा फक्त तिसरा हिस्सा रस्त्याचा मानू. तरी शिसं भरतं पाच मायक्रोग्रॅमच्या वर. नाकाच्या चाळीस पट, तोंडातून. तुलनेसाठी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) मुलांच्या अन्नातून येणाऱ्या शिशासाठी ठरवलेली संदर्भ पातळी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. तिच्यात सुरक्षिततेची मोठी जागा सोडलेली आहे, म्हणून ती ओलांडली की मूल आजारी पडलं असा अर्थ होत नाही. पण आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो.

प्रौढांच्या आतड्यातून शिसं साधारण दहा टक्के शोषलं जातं, लहान मुलांत चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्याकडे या वयात लोह कमी असणं अगदी नेहमीचं आहे. शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातली सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीतच नाही. मी याबाबतीत भावनिक होतो हे खरं, कारण हे नुकसान दिसत नाही. मूल खेळतं, हसतं, वजन वाढतं, आणि शाळेत गेल्यावर ‘लक्ष लागत नाही’ म्हणून बोलणी खातं.

म्हणून घरात काय करायचं तर धूळ तोंडापर्यंत जाण्याची वाट तोडायची. खिडक्या कायम बंद नकोत. पहाटे रस्ता झाडतात तेवढा वेळ आणि समोर खोदकाम चालू असेल तेव्हा बंद ठेवा, एरवी हवा खेळू द्या. घरात कोरडा केर काढणं बंद करा. झाडूने जाड कचरा निघतो आणि बारीक धूळ तासभर हवेत तरंगून परत बाळाच्या उंचीवर बसते. शिसं या बारीक धुळीतच जास्त असतं. आधी ओलं फडकं, मग जमलं तर पुन्हा एकदा स्वच्छ पाण्याने. बादलीतलं पाणी खोलीगणिक बदला, नाहीतर पहिल्या खोलीतली धूळ शेवटच्या खोलीत पसरते. सर्वांत जास्त धूळ मी सरकत्या खिडक्यांच्या खालच्या खाचेत पाहिली आहे, आणि बाळं नेमकी तिथेच बोटं घालतात. आठवड्यातून एकदा ती खाच ओल्या कापडाने पुसून कापड धुवा. चपला दाराबाहेर ही आपली जुनी सवय इथे फार कामाची. तिच्यात हेल्मेट आणि ऑफिसची बॅगही घ्या, ती पलंगावर ठेवू नका. बाळाचे हात जेवणाआधी आणि झोपण्याआधी साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या, जमिनीवर पडणारी खेळणी रोज धुवा. सॅनिटायझरने शिसं जात नाही, ते हातावरच राहतं.

बाल्कनीत कुंड्या असतील तर माती विकत आणलेली वापरा. काही सोसायट्यांमध्ये गेटसमोरचा गाळ उचलून बागेच्या वाफ्यात टाकतात आणि तिथेच मुलं खेळतात. हे तुमच्याकडे होत असेल तर आजच थांबवा. मेथी-कोथिंबिरीसारख्या पालेभाज्या रस्त्याकडून घेतल्या तर दोन-तीन पाण्यांतून काढा.

आणि एका व्यक्तीबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होत नाही. तुमच्या गेटसमोर पहाटे खराट्याने रस्ता झाडणाऱ्या बाईच्या तोंडाभोवती पदराखेरीज काही नसतं. तुमच्या घरातली धूळ ही तिच्या वाट्याच्या धुळीपुढे काहीच नाही. बाळासाठी वर केलेला नाकाचा हिशेब तिच्या बाबतीत बदलतो, कारण ती धुळीच्या लोटातच तासन्‌तास काम करते, आणि मग त्याच हातांनी डबा उघडते. झाडण्याआधी पाणी शिंपडणं, एन-९५ मास्क, काम संपल्यावर हात-तोंड धुवायला पाणी आणि कपडे बदलायला जागा, एवढं तिला मिळायलाच हवं. सोसायटीच्या बाहेरच्या नळाला साबण ठेवणं तर उद्यापासून जमेल. तीच धूळ तिच्या लुगड्यावरून तिच्या घरच्या मुलांपर्यंत जाते.

शहरांत झाडण्याची यंत्रं आली आहेत, २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमानंतर ती वाढली. त्यांत फरक असतो. नुसता फिरता ब्रश असलेलं यंत्र खडे उचलतं आणि बारीक धूळ उडवून तिथेच सोडतं. चांगलं शोषण असलेलं यंत्र बारीकही उचलतं. नगरसेवकाला विचारायचंच असेल तर यंत्र आलं का हे विचारू नका, त्याच्या टाकीतला गाळ किती बारीक निघतो आणि तो कुठे टाकतात हे विचारा. आणि सफाईचा मोठा हात एप्रिल-मेमध्ये फिरवायला सांगा. ऑक्टोबरपासून साचलेली सगळी धूळ जूनच्या पहिल्या सरीत नाल्यावाटे मुठेत जाते.

भाचीसाठी थोडं. प्रकल्प चांगला आहे, तो पुढे ने. गेटसमोरचा एकच नमुना पुरत नाही. कडेच्या धुळीचे पाच-सहा, जिन्यातल्या पहिल्या पायरीचा एक, घरातल्या खिडकीच्या खाचेतला एक, आणि रस्त्यापासून दूर टेकडीवरच्या मातीचा एक असे घे. तो टेकडीचा नमुना म्हणजे तुझा पाया, शेलची सरासरी विसर. खडी-क्रशरची भुकटी मिळाली तर तीही तपास. चाळणी १५० मायक्रॉनची वापर, कारण हाताला चिकटतात ते कण साधारण त्याच्या आतलेच. पितळी चाळणी घेऊ नकोस, तिच्यातून तांबं आणि जस्त नमुन्यात उतरतं. नायलॉनची किंवा स्टीलची घे. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस टाळ, फटाक्यांतलं बेरियम आणि तांबं आकडे फुगवतं. प्रयोगशाळेला जमत असेल तर जठररसासारख्या द्रावणात, ०.४ मोलर ग्लायसिन, आम्लता १.५ पीएच, ३७ अंश सेल्सिअसला तासभर ढवळून, शिसं किती विरघळतं तेही बघ. एकूण १६० पैकी पोटात सुटणारं ५० आहे की १२०, यावर सगळं अवलंबून आहे.

रस्त्याच्या धुळीसाठी भारतात वेगळं मानक नाही. राहत्या जागेच्या मातीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) २०२४ मध्ये शिशाची तपासणी-पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर आणली. कॅनडाची १४०. तुमचा १६० या दोन्हींच्या मध्ये बसतो, म्हणून मी घर सोडा म्हणत नाही आणि दुर्लक्षही करा म्हणत नाही.

शेवटचं काम बाळाच्या रक्ताची तपासणी. बालरोगतज्ज्ञांना ‘ब्लड लेड’ लिहून द्यायला सांगा, शिरेतून रक्त घेऊन. बोटाला टोचून घेतलं तर त्वचेवरच्या धुळीने आकडा चुकू शकतो. सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) करून घ्या. डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर वरची सफाई चालू ठेवा आणि सहा-आठ महिन्यांनी पुन्हा बघा. ३.५ किंवा वर आला तर उगम शोधायला हवा, आणि तेव्हा एकट्या रस्त्याकडे बोट दाखवू नका: सुटी हळद, ज्यात रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळ सापडलेली आहे, कल्हईच्या भांड्यात कथलाबरोबर मिसळलेलं शिसं, डोळ्यांत घालायचं काजळ किंवा सुरमा, घरातल्या कुणाचं बॅटरी, रंगकाम किंवा सोल्डरिंगचं काम. इंटरनेटवर ‘डिटॉक्स’ म्हणून विकतात ते थेंब आणि गोळ्या बाळाला देऊ नका. रक्तातून शिसं काढायची औषधं आहेत, पण ती फार वरच्या पातळीला आणि रुग्णालयातच देतात. लोह कमी निघालं तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढा, दूध, नाचणी, डाळी, हिरव्या भाज्या रोजच्या जेवणात ठेवा, आणि बाळाला उपाशीपोटी जमिनीवर फार वेळ खेळू देऊ नका. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं.